चांगुणाआत्याच्या इंग्रजी करवल्या

चांगुणाआत्याच्या कानावर इंग्रजी शब्द पडला की ती बोलणाऱ्याला जागेवरच थांबवते आणि विचारते, "माहेर कंचा याचा?"

समोर कोण आहे याची ती पर्वा करत नाही. बँकेतला कारकून म्हणाला, "आजी, खातं ट्रान्सफर करावं लागेल," तर त्याला माहेर विचारलं. डॉक्टर म्हणाले, "इन्फेक्शन आहे," तर तोंडातलं थर्मामीटर काढून त्यांना माहेर विचारलं. तिला शब्दाचा अर्थ नको असतो. अर्थ काय, कोणीही सांगतो. शब्द कुठल्या घरातला, त्याच्या पुढे कोण चालतंय, मागे कोण चालतंय, ही चौकशी तिला हवी असते. आणि कूळ निघालं नाही तर "उपरा दिसतो" म्हणून ती त्या शब्दाला दारातूनच परत पाठवते. 'पिझ्झा' हा शब्द तिने असाच परत पाठवला. पाहुण्यांच्या पोरांनी एकदा खरोखरचा पिझ्झा आणला, तेव्हा तिने तोही खाल्ला नाही.

हे सगळं मला सांगावं लागतंय, कारण या वेडाला मी कारणीभूत आहे असं कोन गावातल्या बऱ्याच लोकांचं मत आहे. मी इंग्रजीचा शिक्षक. भिवंडीतल्या एका शाळेत तेवीस वर्षं इंग्रजी शिकवतो आणि संध्याकाळी कोनला घरीच दहावीचा क्लास घेतो. माझ्या घराची आणि आत्याच्या घराची मधली भिंत एकच आहे. मी शिकवताना जरा ओरडतो, हा माझा दोष. भिंत पातळ आहे, तो गवंड्याचा.

चांगुणाआत्या माझी सख्खी आत्या नाही. ती सगळ्या गावाची आत्या आहे. लग्न होऊन ती दिघाशीला गेली होती, आणि चार वर्षांत परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही, आणि गावाने दोनदा विचारून सोडून दिलं. गावची लेक म्हणून ती सगळ्यांची आत्या झाली, आणि मोठ्या बायकांच्या मागे बसून ऐकता ऐकता धवलारीण झाली.

आमच्या आगरी लग्नात भटजी असतोच, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालायचा, हळद लावायची, नवरीला न्हाऊ घालायचं, प्रत्येक गोष्टीचा एक धवला, म्हणजे गाणं, असतं. तो म्हटल्याशिवाय कोणी हळदीच्या वाटीला हात लावत नाही. आत्या चौथी शिकलेली. तिचे सगळे धवले तिच्या गळ्यात आहेत, कागदावर एक ओळ नाही.

धवला एकटीने म्हणायचा नसतो. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती झेलायची, आणि तेवढ्यात पहिलीने श्वास घ्यायचा. आत्याची ओळ तीस वर्षं सोनूबायने झेलली. सोनूबाय दोन वर्षांपूर्वी गेली, आणि तेव्हापासून आत्या स्वतःच म्हणते आणि स्वतःच झेलते. सदुसष्टाव्या वर्षी हे सोपं नाही. त्यात नियम असा, की एकदा सुरू केलेला धवला मध्येच तुटू द्यायचा नाही. तुटला तर तो नवरीला लागतो असं सगळ्या बायका मानतात, आणि पुरुष मानत नाहीत असं नुसतं म्हणतात.

"मास्तर," ती एकदा मला म्हणाली, "एक दिस मधीच दम जाईल. नवरी पाटावं बसलेली आन् धवला तुटलेला. त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?"

तेव्हा ती गावातल्या तीन पोरींकडे जाऊन आली होती. मयूरी, साक्षी आणि दिव्या. तिघींचे गळे चांगले, तिघी माझ्याच शाळेच्या आणि माझ्याच क्लासच्या. रोज तासभर माझ्याकडे बसा, मी चार धवले शिकवते, एवढंच आत्याचं मागणं होतं. तिघींनी वेगवेगळ्या घरांत एकच उत्तर दिलं, "आत्या, आमाला इंग्लिशचा पेपर हाय."

माझ्या ओट्यावर बसून आत्याने हे सांगितलं. मी "हल्ली मुलांना वेळच कुठे असतो" असं काहीतरी म्हटलं आणि घड्याळ बघून क्लासला उठलो. आज ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

त्या दिवसांत माझ्या क्लासमध्ये उपसर्ग आणि शब्दांची मुळं चालू होती. चार-पाचशे शब्द घोकण्यापेक्षा वीस मुळं आणि वीस उपसर्ग पाठ करा, शब्द आपोआप उलगडतात, असं माझं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं, पण मुलं तोंडाने 'री म्हणजे पुन्हा, अन म्हणजे नाही, प्री म्हणजे आधी' म्हणत होती आणि डोळ्यांनी झोपत होती. असं महिनाभर चाललं. एका संध्याकाळी दार ढकलून आत्या आत आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

"मास्तर, भितीपल्याड ऐकून ऐकून माजा डोका उठला. एक सांग. पोर्ट म्हंजे वाहून नेनं, असा तू बोलतस."

"हो."

"मंग इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट या समद्या एकाच घरातल्या?"

"एकाच घरातल्या."

"मंग असा सांग ना! पोर्ट झाली नवरी. तिच्या पुढं चालते ती करवली. इम करवली नवरीला आत नेते. एक्स करवली भायेर नेते. ट्रान्स करवली खाडीपल्याड नेते. नवरी तीच, करवली बदलली का घर बदलला!"

वर्ग जागा झाला. तेवीस वर्षांत माझ्या वर्गात एवढी टवटवी मी फक्त सुट्टीची नोटीस वाचताना पाहिली होती.

"आन् मागं जी शेपटी लागते? पोर्टर, पोर्टेबल?"

"त्याला सफिक्स म्हणतात, आत्या."

"पाठराखीन," आत्या म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने हरकत घेतली, "आत्या, करवली तर नवरीच्या मागं उभी असते."

"मांडवात मागं," आत्या म्हणाली, "रस्त्यानं चालताना पुढं. शब्द काय पाटावं बसून ऱ्हातो? शब्द चालत असतो."

त्या दिवसापासून आत्या सुटली. आमच्या नाक्यावर कापडाचे तागे भरलेले ट्रक थांबतात. त्यातल्या एका उत्तर प्रदेशच्या ड्रायव्हरला तिने गाठलं. गाडीवरच्या पाटीकडे हात करून विचारलं, "ये क्या लिख्खा है?"

"ट्रान्सपोर्ट, अम्मा."

"ट्रान्स मतलब पल्याड. पोर्ट मतलब ले जाना. तू पल्याड ले जानेवाला हाय."

"नहीं अम्मा, हम तो मालेगाँव तक ही जाते हैं।"

"बीच में घाट चढना पडता हाय के नहीं? मंग पल्याडच हाय तो!"

ड्रायव्हरने विचार केला आणि मान्य केलं. आता तो नाक्यावरून जाताना हॉर्न वाजवतो आणि खिडकीतून ओरडतो, "अम्मा, पल्याड!" आत्या हात वर करते.

एकदा मी तिची चूक दाखवण्याचा प्रयत्न केला. म्हटलं, "आत्या, एअरपोर्टमधलं पोर्ट वेगळं बरं का. तिथे त्याचा अर्थ बंदर." ती म्हणाली, "चुलत घराना असेल," आणि वालाच्या शेंगा सोलू लागली. नंतर मी जाडा शब्दकोश उघडून पाहिलं, तर दोन्ही पोर्टचं मूळ फार मागे एकच निघालं. तिचं चुकलेलं नव्हतं. तिला मात्र सांगितलं नाही. शिक्षकाने काही गोष्टी स्वतःजवळ ठेवायच्या असतात.

नंतर तिने या करवल्या मराठी शब्दांच्या पुढेही चालवायला सुरुवात केली. भात कच्चा राहिला तर तो 'अन-शिजला'. शेजारची सून रुसली तर ती 'डिस-राजी'. पाहुण्याला ती विचारायची, "री-चाय घेनार का?" आणि जेवायच्या आधी वाटीभर सोलकढी यायची ती 'प्री-जेवन'. हा संसर्ग भिंत ओलांडून आमच्या घरात आला. एक दिवस मी सुनंदाला म्हटलं, कोथिंबीर आणायला तू सांगितलंच नव्हतंस. ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही मिस-ऐकलंत."

आत्याने मला स्वतःलाही सोडलं नाही. एका संध्याकाळी मी शाळेतून स्कूटरवर येत होतो. घाई होती. तिच्या ओट्यासमोरून सरळ घरात शिरलो. दुसऱ्या दिवशी तिने मला अडवलं.

"मास्तर, तुज्या इंग्लिशमधी रिस्पेक्ट हाय का?"

"आहे की."

"माहेर कंचा?"

"स्पेक्ट. म्हणजे बघणं. री म्हणजे परत, मागे."

"म्हंजे मागं वलून बघनं."

"तसंच."

"मंग काल हितून गेलास, तो एकदा तरी मागं वलून बघलास?"

त्यानंतर तिच्या ओट्यासमोर माझी स्कूटर आपोआप हळू होते. बाजूने जाणाऱ्यांना वाटतं, गाडी जुनी झाली.

हे सगळं मजेचं होतं. पण हिवाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मजा थोडी कमी झाली. क्लास सुटल्यावर मयूरी, साक्षी आणि दिव्या घरी जात नव्हत्या. त्या आत्याच्या ओट्यावर जात होत्या. चौघी सुपाभोवती बसून वालाच्या शेंगा सोलायच्या आणि आत्या त्यांना शब्द शिकवायची. माझे शब्द, माझ्या भिंतीतून तिकडे गेलेले. तेही साध्या बोलण्यात नाही. आत्या एक ओळ गायची:

"पोर्ट गो नवरी, इम तिची करवली…"

आणि तिघी ती झेलायच्या, "आत नेते गो बाय, आत नेते."

"पोर्ट गो नवरी, एक्स तिची करवली…"

"भायेर नेते गो बाय, भायेर नेते."

असं स्पेक्टचं घराणं झालं, डिक्टचं झालं, स्क्राइबचं झालं. शेंगा संपायच्या, पण घराणी संपायची नाहीत. भिंतीच्या अलीकडे मी माझ्या रिकाम्या बाकांकडे बघत बसायचो. खरं सांगतो, मला हेवा वाटत होता. माझ्या आवाजात मुलं झोपतात आणि तिच्या आवाजात जागी होतात, हे पचवायला वेळ लागतो.

पूर्वपरीक्षेच्या वेळी आमच्या शाळेतल्या पर्यवेक्षक बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "सर, तुमच्या त्या कोनच्या तीन मुली पेपर लिहिताना गुणगुणतात. तीन बाक लांब लांब ठेवले, तरी एक थांबली की दुसरी सुरू. मला तर वर्गात हळद लागल्यासारखं वाटत होतं."

मी मुलींना समज देतो म्हणालो. पण निकाल लागला तेव्हा तिघींना शब्दांच्या प्रश्नात जवळजवळ पैकीच्या पैकी. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत माझ्या अध्यापन पद्धतीचं कौतुक केलं. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला. लाज होती ती.

लाजेचं पुढे रागात रूपांतर होतं, तसं माझं झालं. त्या संध्याकाळी मी आत्याच्या ओट्यावर गेलो. मुली नुकत्याच गेल्या होत्या.

"आत्या, ही माझ्या क्लासची मुलं आहेत."

"तुजीच हायत. शिकव ना त्यांना. मना फकस्त सांजचा एक तास दे. शेंगा हायेत तवर."

"पण या वयात तुला इंग्रजी शिकून करायचंय काय? कुठे परीक्षेला बसायचंय?"

आत्याने हातातली शेंग सोलली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"लागतंय," ती म्हणाली.

एवढंच. मी घरी आलो.

मार्चमध्ये मुलींची परीक्षा झाली आणि एप्रिलच्या शेवटी माझ्या मुलीचं, अश्विनीचं, लग्न होतं. जावई जवळच्याच वळ गावचा, तिथल्याच एका गोदामात मॅनेजर. वरपक्षाने सुचवलं की हळदीला डीजे लावू, म्हणजे सगळ्यांना मजा येईल. सुनंदा म्हणाली, "डीजे नंतर. हळद लागताना धवला. माझ्या हळदीला आत्याने म्हटला होता, अशूच्या हळदीलाही तीच म्हणणार."

आत्याने हो म्हटलं. पण मला तिची काळजी वाटत होती. चार दिवस तिला खोकला होता. रस्त्याचं काम चालू असल्यामुळे सगळं गाव धुळीत होतं. ती आल्याचा तुकडा गालात धरून फिरत होती आणि कोणी विचारलं की "काय नाय" म्हणत होती. हळदीच्या आदल्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, दिघाशीला एक धवलारीन होती, ती येईल का रं माज्या जोडीला?" मी फोन लावला. ती बाई मुलाकडे गुजरातला गेली होती.

"ऱ्हावंदे," आत्या म्हणाली. "हाय तेवढा दम पुरल."

हळद सकाळी दहा वाजता होती. मांडवात अश्विनी पाटावर बसली. पाच सवाशिणी वाट्या घेऊन तिच्याभोवती. एका कोपऱ्यात डीजेवाला आपल्या पेट्यांपाशी हात बांधून उभा. वळची मंडळी खुर्च्यांवर. आत्या नवं लुगडं नेसून आली, अश्विनीच्या उजव्या बाजूला बसली आणि तिने डोळे मिटले.

"हलदीच्या पाटावं बसली गो लेक,
आयेच्या डोल्यान् भरतीचा पानी…"

सदुसष्ट वर्षांचा गळा, पण सूर सरळ. ती ओळ म्हणायची, मग तीच ओळ स्वतः झेलायची, आणि मध्ये कुठेतरी चोरून श्वास घ्यायची. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. सुनंदाने बोटावर हळद घेतली. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीवर आत्याला ठसका लागला.

तिने तोंडावर पदर धरला. दुसरा हात वर केला, थांबा म्हणून. खोकला थांबेना. सुनंदाचं बोट अश्विनीच्या कपाळापासून वीतभर अंतरावर तसंच राहिलं. तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की धवला तुटतोय, आणि एकीलाही पुढची ओळ येत नव्हती. मलाही येत नव्हती. तेवीस वर्षं मी मुलांना तोंडपाठ करायला लावतोय, आणि ज्या गाण्यावर माझी आई, माझ्या बहिणी, माझी बायको लग्नाला उभ्या राहिल्या त्याची एक ओळ मला म्हणता येत नव्हती. आत्याचे डोळे माझ्याकडे वळले. ते भरले होते, आणि ते खोकल्याने नव्हतं. डीजेवाला भला माणूस, त्याला वाटलं कार्यक्रम संपला. तो बटणाकडे वाकला.

तेवढ्यात बायकांच्या तिसऱ्या रांगेतून आवाज आला. चाल तीच, धवल्याची. शब्द मात्र:

"पोर्ट गो नवरी, एक्स तिची करवली…"

मयूरी होती. पिवळी साडी, लालबुंद चेहरा, डोळे घट्ट मिटलेले. तिला लग्नाचे शब्द येत नव्हते. चाल येत होती, आणि त्या चालीवरचे जे शब्द येत होते ते तिने म्हटले. एक क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग दोन बाजूंनी साक्षी आणि दिव्याने झेललं:

"भायेर नेते गो बाय, भायेर नेते."

डीजेवाल्याचा हात थांबला. वळच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मयूरी पुढे गेली.

"पोर्ट गो नवरी, ट्रान्स तिची करवली…"

"पल्याड नेते गो बाय, पल्याड नेते."

"पोर्ट गो नवरी, री तिची करवली…"

"परत आनते गो बाय, परत आनते."

महिनाभर लग्नाच्या गडबडीत सुनंदाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. 'परत आनते'ला ती हमसून रडायला लागली. रडत रडतच तिने अश्विनीच्या कपाळाला हळद लावली. अश्विनी हसत होती आणि रडत होती. माझं स्वतःचं काय चाललं होतं ते सांगत नाही, चष्मा दोनदा पुसला एवढं सांगतो.

मुली 'सपोर्ट'वर पोचल्या होत्या, "सप तिची करवली, खालून धरते गो बाय, खालून धरते," तेव्हा आत्याला श्वास मिळाला. कोणीतरी दिलेलं पाणी तिने प्यायलं, पदराने तोंड पुसलं आणि मुलींच्या आवाजावर आपला आवाज ठेवून तिसऱ्या कडव्याची राहिलेली ओळ उचलली. ती पुढे म्हणत गेली आणि तिघी झेलत गेल्या. शब्द अर्धे, चाल पूर्ण. दोन वर्षांत पहिल्यांदा आत्या ओळ म्हणून थांबली आणि तिने सावकाश श्वास घेतला.

हळद झाल्यावर जावयाच्या मामांनी विचारलं, "यो कंचा धवला? आमच्या वळला नाय ऐकला कदी."

सुनंदा नाक पुसत म्हणाली, "इंग्लिश मिडीयमचा."

दुपारी जेवणं झाल्यावर डीजे सुरू झाला. मयूरी, साक्षी, दिव्या त्यात नाचत होत्या. आत्या मांडवाच्या मागे सावलीत बसली होती. मी दोन कप घेऊन तिच्याकडे गेलो.

"री-चहा?"

तिने कप घेतला. चहावर फुंकर घातली. मग म्हणाली, "मना इंग्लिशचा काय करायचा रं, मास्तर? पोरी बोलल्या, इंग्लिशचा पेपर हाय. मंग मी इंग्लिशचीच ओल दिली त्यांना. चाल एकदा गल्यात बसली का शब्द मागनं बसतील, कंचे बी."

एक हिवाळाभर भिंतीपलीकडे ती काय करत होती ते मला तेव्हा कळलं, आणि मी तिला काय विचारायला गेलो होतो तेही आठवलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "कसली रं," आणि बशीत चहा ओतला.

"सोनूबाय गेल्यापासनं माजी ओल कोनी झेलली नव्हती," ती म्हणाली. "आज झेलली. आता पेपर झाला. शेंगा संपल्या. पोरी काय आता येत नाय. पन आज झेलली."

आवाज नेहमीसारखाच होता. पण बशीतला चहा तिने प्यायला नाही, तसाच परत कपात ओतला.

लग्न पार पडलं. अश्विनी वळला गेली, म्हणजे रिक्षाने जाण्याइतकं जवळ, पण घर मोकळं वाटतं ते वाटतंच. सुट्टी लागली होती, क्लास बंद होता. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होतो. आत्याच्या ओट्यासमोर सवयीने स्कूटर हळू केली. ती रोजच्या जागी बसली होती. समोर सूप होतं. सुपात काही नव्हतं.

मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तिघी दिसल्या. हातात पुस्तक नाही, वही नाही. आत्याने त्यांना पाहिलं आणि पटकन सूप बाजूला सरकवलं, आपण कोणाची वाट बघत नव्हतो अशा थाटात. तिघी ओट्यावर चढल्या आणि बसल्या.

"आत्या," मयूरी म्हणाली, "तू सारखी करवली करवली बोलतेस. त्या हळदीच्या धवल्यातपन करवली हाय."

"हाय. मंग?"

"माहेर कंचा याचा?"

आत्याने मयूरीकडे पाहिलं. बँकेतल्या कारकुनापासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळ्या दुनियेला तिने हा प्रश्न विचारला होता. तिला तो आजवर कोणी विचारला नव्हता. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला, घसा साफ केला.

"करा घेऊन चालते ती करवली. करा म्हंजे पान्याचा भांडा. सोनूबायनं सांगितला व्हता मना," ती म्हणाली. "बसा नीट. पहिल्यापासनं सांगते."

मी स्कूटर बंद केली आणि मागे वळून बघत उभा राहिलो.